विश्लेषण : गाडीचे ‘पासिंग’ किती मिनिटांत व्हायला हवे?

रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, ट्रक किंवा स्कूल बस चालवणाऱ्यांसाठी ‘पासिंग’ म्हणजे धंद्याचा एक दिवसाचा खाडा, असे समीकरण झाले आहे. प्रत्यक्षात गाडी तपासणीच्या ट्रॅकवर असते ती मोजकी मिनिटे. उरलेला वेळ जातो रांगेत, कागदपत्रांत आणि येण्याजाण्यात. आता ही तपासणी निरीक्षकाच्या नजरेकडून यंत्रांकडे सोपवली जात आहे. त्यामुळे वेळ वाचेल का, मिनिटभरात उरकलेल्या तपासणीला अर्थ किती, आणि खासगी मोटारींची दरवर्षी तपासणी का होत नाही, हे प्रश्न पुन्हा पुढे आले आहेत.

फिटनेस तपासणी कोणाला आणि किती वर्षांनी?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार प्रत्येक परिवहन वाहनाकडे, म्हणजे प्रवासी किंवा मालवाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनाकडे, योग्यता प्रमाणपत्र (फिटनेस सर्टिफिकेट) असणे बंधनकारक आहे. ते नसेल तर त्या वाहनाची नोंदणी वैध मानली जात नाही. नव्या परिवहन वाहनाला पहिली दोन वर्षे हे प्रमाणपत्र लागू असते. पूर्वी त्यानंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल केला. आता वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी होते. म्हणजे शहरांत धावणाऱ्या जुन्या रिक्षा, टॅक्सी आणि टेम्पोंसाठी ही आजही वार्षिक वारीच आहे.

खासगी मोटारीला हा नियम का नाही?

आपल्याकडे खासगी मोटार आणि दुचाकीची नोंदणी एकदम १५ वर्षांसाठी होते. ही मुदत संपल्यावर वाहन आरटीओत नेऊन तपासून घ्यावे लागते आणि नोंदणीचे पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. म्हणजे पहिल्या १५ वर्षांत त्या मोटारीचे ब्रेक, स्टिअरिंग किंवा टायर सरकारी यंत्रणा एकदाही तपासत नाही. या काळात तपासली जाते ती पीयूसी, म्हणजे केवळ धुराची पातळी. नव्या गाडीला पहिले वर्ष पीयूसीतून सूट असते. त्यानंतर भारत स्टेज-४ आणि पुढील मानकांच्या वाहनांना ती वर्षातून एकदा, तर त्याआधीच्या मानकांच्या वाहनांना दर सहा महिन्यांनी करावी लागते. अनेक वाहनमालक पीयूसीलाच ‘गाडीची तपासणी’ समजतात. पण पीयूसी केंद्रावर एक्झॉस्टमध्ये नळी घालून मोजलेल्या आकड्यांचा ब्रेक धरतात की नाही याच्याशी काहीही संबंध नसतो.

आरटीओच्या ट्रॅकवर नेमके काय पाहतात?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ६२ मध्ये तपासणीच्या बाबींची यादी दिली आहे. हेडलाइट आणि इतर दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काचा, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, डॅशबोर्डवरील उपकरणे, धूर, ब्रेक, वेगमापक आणि स्टिअरिंग यांचा त्यात समावेश आहे. वाहनाच्या प्रकारानुसार स्पीड गव्हर्नर, रिफ्लेक्टिव्ह टेप, वाहनाचा ठावठिकाणा सांगणारे उपकरण, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, बसमधील आपत्कालीन दरवाजा अशा गोष्टी पाहिल्या जातात. रिक्षा-टॅक्सीचे मीटरही पाहिले जाते. चासी क्रमांक कागदपत्रांशी जुळतो का, याची खातरजमा केली जाते. एवढे सगळे नीट पाहायचे तर एका वाहनाला दोन-चार मिनिटे पुरणे शक्य नाही. गाडीखाली वाकून पाटे, जॉइंट आणि ब्रेकचे पाइप पाहायचे, दिवे एकेक लावून बघायचे, गाडी पळवून ब्रेक दाबायचा आणि निकाल नोंदवायचा, एवढ्याचा नुसता हिशेब केला तरी हलक्या वाहनाला १५ ते २० मिनिटे लागायला हवीत. बस किंवा ट्रकला त्याहून अधिक.

२५० मीटरच्या ट्रॅकचा आग्रह कशासाठी?

महाराष्ट्रात फिटनेस तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला तो मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेमुळे. प्रत्यक्ष तपासणी न करता किंवा वरवर पाहून प्रमाणपत्रे दिली जातात, अशी तक्रार पुण्यातून झालेल्या या याचिकेत होती. ब्रेकची चाचणी घेण्यासाठी प्रत्येक आरटीओकडे किमान २५० मीटर लांबीचा ट्रॅक असला पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. ठरावीक वेग गाठून ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबते आणि थांबताना एका बाजूला ओढते का, हे पाहायला तेवढी मोकळी जागा लागतेच. कार्यालयासमोरच्या रस्त्यावर किंवा आवारात उभ्या गाडीभोवती फेरी मारून ते कळत नाही.

या आदेशानंतर ज्या कार्यालयांकडे ट्रॅक नव्हता, त्यांना तपासणीचे काम थांबवावे लागले आणि तेथील वाहने दुसऱ्या कार्यालयांकडे वळवली गेली. शहराच्या मध्यभागी २५० मीटरची सरळ पट्टी मिळणे अवघड, म्हणून ट्रॅक शहराबाहेर गेले. पुण्यातील अनेक व्यावसायिक वाहनांना पासिंगसाठी सासवड रस्त्यावरील दिवे येथे जावे लागत आले आहे. तपासणी खरी व्हावी म्हणून केलेल्या या सुधारणेची किंमत चालकांनी जादा इंधन आणि जादा तासांच्या रूपाने मोजली, ही याची दुसरी बाजू.

मग अख्खा दिवस का जातो?

पासिंगच्या वेळेचे तीन भाग पडतात. पहिला कागदपत्रांचा. परिवहन खात्याच्या पोर्टलवर अर्ज, शुल्क आणि तपासणीची तारीख, हे आता ऑनलाइन होते. पण विमा, पीयूसी, कर यांपैकी एकाचीही मुदत संपली असेल किंवा ई-चलानचा दंड थकलेला असेल तर काम तिथेच अडते. दुसरा भाग रांगेचा. दिवसाची तारीख मिळाली तरी सकाळी पहिला नंबर लागावा म्हणून वाहने पहाटेपासून येऊन उभी राहतात. तिसरा भाग प्रत्यक्ष तपासणीचा, आणि तो सर्वांत छोटा असतो.

रांग का वाढते, हे साध्या गणितातून कळते. समजा, एका निरीक्षकाने प्रत्येक वाहनाला २० मिनिटे दिली. आठ तासांच्या दिवसात ४८० मिनिटे असतात. मधली सुट्टी आणि इतर कामे धरली नाहीत तरी तो दिवसाला २४ वाहनेच तपासू शकेल. त्याच दिवशी ६० वाहने आली तर दोनच पर्याय उरतात. एक तर ३६ वाहने परत पाठवायची किंवा प्रत्येक वाहनाला आठच मिनिटे द्यायची. वर्षानुवर्षे दुसरा पर्याय निवडला गेला, हीच तक्रार उच्च न्यायालयापर्यंत पोहोचली होती. निरीक्षकांकडे लायसन्सच्या चाचण्या, नव्या वाहनांची नोंदणी, रस्त्यावरील कारवाई आणि अपघातग्रस्त वाहनांची पाहणी अशी इतर कामेही असतात.

स्वयंचलित केंद्रात काय वेगळे असते?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने स्वयंचलित चाचणी केंद्रांना कायदेशीर आधार दिला. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने या केंद्रांचे नियम अधिसूचित केले. महाराष्ट्रात नाशिकमध्ये असे तपासणी केंद्र त्याआधीच सुरू झाले होते.

या केंद्रात गाडी एका मार्गिकेतून टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. रोलरवर चाके ठेवून प्रत्येक चाकाला किती ब्रेक लागतो आणि डाव्या-उजव्या चाकांत किती फरक आहे, हे मोजले जाते. गाडी सरळ चालताना चाके आडवी किती सरकतात, हे सरकत्या पट्टीवरून जाताना कळते. खड्ड्यावरील हलत्या प्लेटवर पुढची चाके ठेवून स्टिअरिंग आणि सस्पेन्शनच्या जॉइंटमध्ये किती ढिलाई आहे, ते पाहिले जाते. हेडलाइटचा प्रकाश आणि कोन, धुरातील प्रदूषके, हॉर्नचा आवाज, वेगमापकाची अचूकता यांचेही आकडे यंत्रच घेते. टायर, काचा, वायपर, सीटबेल्ट, गंजलेली बॉडी यांसारख्या गोष्टी मात्र माणसालाच डोळ्यांनी पाहाव्या लागतात. मोजमापे थेट संगणकात जातात आणि मर्यादेत आहेत की नाहीत, हे प्रणाली ठरवते.

वेळेचा खरा फायदा मार्गिकेच्या रचनेत आहे. समजा, एका गाडीची तपासणी २१ मिनिटांची आहे आणि मार्गिकेत सात-सात मिनिटांचे तीन टप्पे आहेत. पहिली गाडी दुसऱ्या टप्प्यावर गेली की मागची गाडी पहिल्या टप्प्यावर येते. त्यामुळे प्रत्येक गाडीला पूर्ण २१ मिनिटे मिळूनही दर सात मिनिटांनी एक गाडी बाहेर पडते. तपासणीला कात्री न लावता रांग कमी करण्याचा हा मार्ग आहे. मात्र एका टप्प्यावरचे यंत्र बंद पडले की सगळी मार्गिका थांबते. म्हणून यंत्रांची देखभाल आणि वेळोवेळी होणारे कॅलिब्रेशन या केंद्रांत फार महत्त्वाचे ठरते.

सक्तीची तारीख पुढे का सरकत गेली?

सुरुवातीच्या वेळापत्रकानुसार जड वाहनांसाठी १ एप्रिल २०२३ पासून स्वयंचलित केंद्रातील तपासणी सक्तीची होणार होती. मध्यम आणि हलक्या परिवहन वाहनांची पाळी त्यानंतर येणार होती. पण केंद्रे पुरेशी उभी राहिली नाहीत. मार्च २०२३ मध्ये ही मुदत १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत वाढवण्यात आली. पुढे तिथे केंद्र सुरू झाले आहे तिथेच सक्ती, अशी भूमिका घेण्यात आली. त्यामुळे आज देशात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू आहेत. एका जिल्ह्यात यंत्रांची मार्गिका, तर दुसऱ्यात निरीक्षक, ट्रॅक आणि मोबाइलवर टिपलेली गाडीची छायाचित्रे.

ब्रिटनमध्ये तपासणीला किती वेळ लागतो?

खासगी मोटारींच्या वार्षिक तपासणीचे सर्वांत परिचित उदाहरण ब्रिटनचे आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही गाडी घेतली की ‘एमओटी’ हा शब्द लवकरच पाठ होतो. १९६० मध्ये सुरू झालेली ही चाचणी आधी १० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी होती. १९६७ मध्ये ही अट तीन वर्षांवर आली. आज इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी करावी लागते. ही मुदत चार वर्षांवर न्यावी का, यावर २०२३ मध्ये लोकांची मते मागवण्यात आली होती. पण जानेवारी २०२४ मध्ये सरकारने तीन वर्षेच कायम ठेवली.

या तपासणीला साधारण ४५ मिनिटे ते एक तास लागतो. मोटारीसाठी जास्तीत जास्त शुल्क ५४.८५ पौंड आहे. चाचणी परवानाधारक गॅरेजमध्येच होते, त्यामुळे आधी वेळ ठरवून गेल्यास रांग फारशी नसते. दोषांची विभागणी ‘धोकादायक’, ‘मोठा’ आणि ‘किरकोळ’ अशी होते. पहिल्या दोन प्रकारांतला दोष आढळला की गाडी नापास. कोणत्याही गाडीचा नंबर टाकून तिच्या जुन्या चाचण्यांचे निकाल आणि त्या वेळचे किलोमीटर ऑनलाइन पाहता येतात. जुनी गाडी घेणाऱ्याला याचा मोठा आधार होतो. वेळेच्या दृष्टीने सर्वांत बोलकी गोष्ट अशी की, प्रत्येक परीक्षकाला चाचणीसाठी सरासरी किती वेळ लागतो आणि तो किती टक्के गाड्या नापास करतो, याची आकडेवारी तेथील यंत्रणा तयार करते. एखादा परीक्षक इतरांपेक्षा फारच लवकर गाड्या पास करत असेल तर तो नजरेत येतो.

जर्मनीत नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. जपानमध्येही खासगी मोटारींसाठी हेच वेळापत्रक आहे. युरोपीय महासंघात किमान मर्यादा पहिल्यांदा चार वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी अशी आहे. १० वर्षांहून जुन्या मोटारींची तपासणी दरवर्षी करावी, असा प्रस्ताव युरोपीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये मांडला.

घाईची तपासणी धोक्याची कशी?

भारतात २०२२ मध्ये ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, असे केंद्रीय मंत्रालयाचा अहवाल सांगतो. यातील बहुतांश अपघात अतिवेगाच्या खात्यावर जमा होतात. पण वेग आणि गाडीची अवस्था या वेगवेगळ्या गोष्टी नाहीत. चांगल्या ब्रेकची गाडी ज्या अंतरात थांबेल, त्या अंतरात घासलेल्या लायनिंगची गाडी थांबत नाही. गुळगुळीत टायर पहिल्या पावसात पकड सोडतो. मागचा दिवा बंद असलेला ट्रक रात्री महामार्गाच्या कडेला उभा राहिला की मागून येणाऱ्याला तो दिसतच नाही. अपघातानंतर मात्र नोंद होते ती ‘नियंत्रण सुटल्याची’.

वरवरच्या तपासणीमुळे आणखी एक नुकसान होते. पासिंगपुरते चांगले टायर चढवायचे, उसने दिवे बसवायचे, रंगाचा हात मारायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत करायचे, ही पळवाट तयार होते. जो मालक खरोखर दुरुस्तीवर पैसे खर्च करतो, तो मूर्ख ठरतो. म्हणूनच नव्या नियमांत चाचणी केंद्राचा वाहन दुरुस्ती, वाहनविक्री किंवा सुट्या भागांच्या विक्रीशी संबंध असू नये, अशी अट आहे. नापास करून दुरुस्तीचे काम स्वतःच मिळवणे किंवा ग्राहक टिकवण्यासाठी पास करणे, हे दोन्ही मोह त्यामुळे टळावेत, ही अपेक्षा. ब्रिटनने मात्र चाचणी आणि दुरुस्ती एकाच गॅरेजमध्ये ठेवली आणि लक्ष ठेवण्याचे काम आकडेवारी व अचानक होणाऱ्या पाहणीवर सोपवले. कोणत्याही पद्धतीत देखरेख नसेल तर यंत्रेही निरुपयोगी ठरतात. रोलरवर गाडी उभी आहे की केवळ तिचा नंबर टाकला आहे, हे तपासणारे कोणी तरी लागतेच.

मुदत चुकली किंवा गाडी नापास झाली तर?

फिटनेस संपलेले वाहन रस्त्यावर आणल्यास नोंदणी नसलेल्या वाहनाप्रमाणे कारवाई होऊ शकते. कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दोन ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात वाद उभा राहतो, तो वेगळाच. शिवाय, मुदत संपल्यानंतर प्रत्येक दिवसासाठी ५० रुपये विलंब शुल्काची तरतूद आहे. वर्षभर राहिले तर ही रक्कम १८ हजार २५० रुपये होते. या शुल्काविरोधात २०२४ मध्ये महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सी संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. तारीखच वेळेत मिळत नसेल तर उशिराचा भुर्दंड आम्ही का सोसायचा, हा चालकांचा सवाल असतो आणि तो गैरलागू नाही.

स्वयंचलित केंद्रात नापास झालेल्या वाहनाला दुरुस्तीनंतर शुल्क भरून फेरतपासणीची संधी मिळते. त्यातही ते नापास झाले तर ते ‘आयुर्मान संपलेले वाहन’ ठरू शकते. या निकालाविरुद्ध अपील करता येते. जुन्या खासगी मोटारींचा खर्चही वाढला आहे. १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून पाच हजारांवर गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १० हजार रुपये करण्यात आले.

चालकांना वेळ कसा वाचवता येईल?

मुदत संपण्याच्या महिनाभर आधी पोर्टलवर तारीख पाहावी. शेवटच्या आठवड्यात ती मिळेलच असे नाही. विमा, पीयूसी, कर आणि चलान यांची स्थिती आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी तपासावी. ओळखीच्या मेकॅनिककडून ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, टायर आणि स्टिअरिंगची ढिलाई पाहून घ्यावी. किरकोळ दिव्यामुळे परत यावे लागले तर एकाऐवजी दोन दिवसांचे भाडे बुडते. जड वाहनांनी रिफ्लेक्टिव्ह टेप आणि स्पीड गव्हर्नरची कागदपत्रे सोबत ठेवावीत. स्कूल बसमालकांनी जूनची गर्दी टाळून एप्रिल-मेमध्येच तपासणी उरकणे शहाणपणाचे.

पुढे काय?

यंत्रे आली की वेळ वाचेल, हे निम्मे खरे आहे. जिल्ह्यात एकच केंद्र असेल आणि ते ५०-६० किलोमीटरवर असेल, तर मार्गिकेत वाचलेली २० मिनिटे रस्त्यात दुपटी-तिपटीने जातील. म्हणून केंद्रांची संख्या, तालुक्यांपासूनचे अंतर आणि दिवसाला किती वाहनांना तारीख द्यायची याची मर्यादा, या गोष्टी यंत्रांइतक्याच महत्त्वाच्या आहेत. प्रत्येक केंद्रात एका वाहनाला सरासरी किती मिनिटे लागतात आणि किती वाहने नापास होतात, हे ब्रिटनप्रमाणे मोजून जाहीर केले, तर घाईने दिलेली प्रमाणपत्रेही उघडी पडतील आणि विनाकारण होणारी अडवणूकही.

खासगी मोटारींचा प्रश्न त्याहून मोठा आहे. महामार्ग आणि द्रुतगती मार्ग वाढत आहेत, तशा गाड्या अधिक वेगाने आणि अधिक लांब पळत आहेत. अशा वेळी पहिल्या १५ वर्षांत एकदाही ब्रेक न तपासण्याची पद्धत किती काळ चालू ठेवायची, याचा विचार कधी ना कधी करावा लागेल. पण रिक्षा आणि टेम्पोंची रांगच आज आवरत नसताना त्यात मोटारींची भर घालणे म्हणजे पुन्हा मिनिटभराच्या पासिंगला आमंत्रण. त्यामुळे आधी क्षमता उभी करायची आणि मग सक्ती, हाच क्रम व्यवहार्य ठरतो.